शिशाची की तांब्याची

मित्रांनो, मी काडतुसे भरण्याचे एक जुने बिडाचे दाबयंत्र आहे. कधीकाळी मी हिरवा होतो. आता जिथे हात लागतो तिथे काळा आणि जिथे लागत नाही तिथे गंजलेला आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात राहणाऱ्या रुस्ताद कुटुंबाच्या तळघरात एका जाड फळीला मला चार बोल्टांनी जखडले आहे. मला तोंड नाही. असते, तर आठ महिने चाललेला हा घोळ मी आठ मिनिटांत मिटवला असता.

एका ओतशाळेत तापलेल्या लोखंडाचा रस साच्यात ओतला आणि माझा जन्म झाला. एल्डन रुस्तादने मला आणले तेव्हा त्याचे डोरीनशी नुकतेच लग्न झाले होते. गव्हाच्या कोठारांतली यंत्रे दुरुस्त करणे हा त्याचा धंदा, आणि गुरुवारची चांदमारी हा त्याचा छंद. गावातले दहाबारा लोक जुन्या सभागृहाखालच्या लांब खोलीत जमत आणि कागदाच्या निशाणावर पिस्तुलाने नेम धरत. सरावाला काडतुसे फार लागतात, म्हणून एल्डन ती घरीच भरायचा. उडालेले पितळी नळकांडे माझ्यात ठेवून दांडा ओढला की ते पुन्हा सरळ होई. मग बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी, मग तराजूवर मोजलेली बंदुकीची दारू, आणि शेवटी तोंडाशी गोळी. पुन्हा दांडा खाली, आणि गोळी जागेवर बसे. दारू मोजणे माझे काम नव्हे. मी फक्त दाबतो, पण सरळ दाबतो. दुकानातल्या काडतुसांपेक्षा एल्डनची काडतुसे बरी, असे सारे गाव म्हणे. त्यातले निम्मे कौतुक माझे होते असे मी अजूनही मानतो.

गोळ्या मात्र तो विकत आणत नसे. जुन्या मोटारींच्या चाकांना तोल साधायला लावलेली शिशाची वजने गोळा करून, तळघराच्या कोपऱ्यातल्या विजेच्या छोट्या भट्टीत ती वितळवून, तो स्वतः गोळ्या ओतायचा. हिवाळ्यात खिडकी उघडली तर गारठा आत येई, म्हणून खिडकी बंद. त्याच फळीवर हरणाच्या मांसाचे सँडविच. खिशात सूर्यफुलाच्या बिया, आणि त्या तोंडात टाकायला तीच काळी बोटे. डोरीन जिन्यावरून ओरडायची. तो हात विजारीला पुसायचा आणि म्हणायचा, पुसले की.

तो निवृत्त झाला आणि दिवसभर तळघरातच राहू लागला. दुसऱ्या वर्षी शरद ऋतूत त्याच्या निशाणावरची भोके विखरू लागली. आधी सगळी कपाच्या तोंडात मावत, आता जेवणाच्या ताटातही मावेनात.

इथून माझ्या वैतागाला सुरुवात झाली.

एल्डन म्हणाला, गोळीचे शिसे मऊ पडते आहे. त्याने मिश्रण बदलले. भोके तशीच. मग तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या गोळ्या मागवल्या. त्या येताच म्हणाला, मुलामा सोलला जातो, हे यंत्र फार आवळते. मी कुठे आवळतो? तो जितके ओढेल तितके मी दाबतो. मग जाड तांब्याच्या वेष्टणातल्या महागड्या गोळ्या आल्या. कागदाला भोक पाडण्यासाठी तसल्या गोळ्या म्हणजे गोठा झाडायला रेशमी पातळ नेसणे. मग चपट्या नाकाच्या, मग गोल नाकाच्या, मग हलक्या, मग जड. प्रत्येक डबा चार दिवस टिकायचा. आणि तुलनेसाठी हवीत म्हणून शिशाच्या गोळ्या ओतणे चालूच, पूर्वीपेक्षा जास्त.

मला खरे कारण ठाऊक होते. चाळीस वर्षे माझा दांडा ज्या मुठीत होता ती मूठ थरथरत होती. नळकांड्याच्या तोंडावर गोळी सरळ उभी राहत नव्हती. मी ती दाबून सरळ करत होतो, पण पिस्तूल धरणारी मूठही तीच होती. मी बीड आहे, देव नाही.

डोरीनचा भाऊ लाइल आला आणि माझा मधला दांडा झिजला असेल असे निदान करून गेला. दोघांनी मला उघडले, पुसले, पुन्हा जोडले. काही झिजलेले नव्हते. तरी एल्डनने नवे निळे, भराभर चालणारे यंत्र आणले आणि मला कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी जमिनीवर ठेवले. माझ्या डोक्यावर रंगाचा डबा ठेवला. नव्या यंत्राची काडतुसेही ताटभर विखुरली, आणि एल्डन त्या यंत्रावरही चिडला. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

तो आता सगळ्यांवरच चिडत होता. बोलता बोलता शब्द विसरायचा आणि आठवून दिला की आणखी चिडायचा.

एका शुक्रवारी सकाळी डोरीन खाली आली. मागे लाइल होता. तिने निशाणाचे दोन कागद फळीवर पसरले. एकावर भोके इकडे तिकडे, दुसऱ्यावर पाचही एका नाण्याएवढ्या जागेत.

"हा माझा कागद," ती म्हणाली. "काल तू पिस्तूल तिथंच टाकून लवकर घरी निघून आलास, त्यानंतर मी पाच झाडल्या. तुझंच पिस्तूल, तूच भरलेली काडतुसं."

"एखादा दिवस असतो कुणाचा."

"सहा वर्षांत मी पिस्तूल हातात धरलं नव्हतं, एल्डन."

लाइल म्हणाला की आपण स्वतः समोर होतो, खोटे नाही. एल्डनने त्याला, तुला कोणी विचारले, असे सुनावले. डोरीनने एक नळकांडे फळीवर उभे केले आणि एक गोळी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ही त्याच्यावर सरळ उभी कर. एवढंच. मग मी वर जाते आणि पुन्हा एक शब्द बोलत नाही."

त्याने गोळी उचलली. ती पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा नळकांडेच आडवे झाले, जमिनीवर पडले आणि घरंगळत माझ्यापाशी आले. ते कोणीच उचलले नाही.

सोमवारी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले, काळी नखे पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, शिसे वितळवता का? तिथल्या तिथे रक्त तपासले. शिसे डेसिलिटरमागे पाच मायक्रोग्रॅमच्या आत हवे होते. एल्डनचे बेचाळीस निघाले. धूर, धूळ आणि त्या बिया, सगळे पोटात नि रक्तात साठत गेले होते. थरथर शिशाची, विसरणे शिशाचे, चिडणेही शिशाचेच.

तुम्हाला वाटेल, माणूस शहाणा झाला. छे! घरी येऊन लाइलला म्हणाला की खिडकी उघडी ठेवली की झाले, आमचे आजोबा नव्वदीपर्यंत शिसे ओतत होते. त्याच दुपारी त्याने भट्टी तापवायला घेतली. डोक्यावरच्या रंगाच्या डब्यासकट मी हताश झालो.

तेवढ्यात डोरीन हातात कागद घेऊन जिन्यात उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी तिचेही रक्त घेतले होते. त्याचे कपडे तीच धुवायची, जिनाही तीच झाडायची.

"माझं अकरा आलंय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

एल्डन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. मग उठून त्याने भट्टीची तार ओढून काढली.

त्या आठवड्यात शिशाचा एकेक डबा विषारी कचरा जमा करतात तिथे गेला. तळघर तीन वेळा ओल्या फडक्याने पुसले गेले. नळकांडी घोळवून साफ करण्याचे यंत्र शिशाची धूळ उडवते म्हणून बाहेरच्या छपरीत गेले. खिडकीत पंखा बसला, आणि फळीपाशी खाणे बंद झाले. गोळी कोणती, हा वाद डोरीनने एका वाक्यात मिटवला: सगळीकडून तांब्याचा मुलामा असलेली, साधी, गोल नाकाची, आणि एकदा ठरवलेले गोळीचे वजन कधी बदलायचे नाही. कागदाला तेवढी पुरते. निळे यंत्र तिला आवडेना. तिने मला उचलून पुन्हा फळीवर बसवले, आणि आता गुरुवारच्या मंडळींसाठी माझा दांडा तीच ओढते.

तिचा आकडा उतरला. एल्डनचाही उतरतो आहे, पण सावकाश. हात पूर्ववत होईलच असे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. पिस्तूल त्याने कपाटात ठेवले आहे. गुरुवारी तो सभागृहाच्या दाराशी साबण घेऊन उभा राहतो आणि हात धुतल्याशिवाय कोणाला कॉफीकडे जाऊ देत नाही. लोक त्याला साबणवाला म्हणून चिडवतात. एकाने विचारले की विजारीला पुसले तर नाही का चालणार, तेव्हा एल्डनने त्याचे मनगट धरून त्याला नळापर्यंत नेले.

मित्रांनो, मला वेळेवर तेल घाला म्हणून मी विनवणार नाही. बिडाला काही घाई नसते. तुम्ही मात्र जेवायच्या आधी हात धुवा, आणि घरचे माणूस जिन्यावरून काही ओरडत असेल तर आठ महिने वाट न पाहता पहिल्याच हाकेला वर जा.