शब्बीरच्या अंगठ्याचा गोळा

मी बोलिंगचा गोळा बोलतोय. दिग्रसच्या एका गॅरेजातून, ट्रकच्या चाकाखालून. आवाज दबका वाटला तर समजून घ्या.

नागपूरहून आलो तेव्हा मी इतका गुळगुळीत होतो की माशी बसली तरी घसरून पडायची. मला घेतलं शब्बीर मेकॅनिकनं. गावातल्या फुलचंदनं कापसाच्या जिनिंगच्या बंद शेडमध्ये बोलिंगचा हॉल काढला होता; तिथं शब्बीर आणि त्याची बायको रशीदा दर रविवारी खेळायचे. रशीदा हॉलमधला हाती येईल तो गोळा उचलायची. शब्बीरनं मात्र माझी भोकं स्वतःच्या बोटांच्या मापानं पाडून घेतली. मी त्याचा झालो.

त्याची फेक देखणी होती. चार पावलं, मोकळा झुलणारा हात, नजर पिनांवर नाही, तर गोळा धावतो त्या लाकडी वाटेवरच्या बाणांवर. अंगठा आधी सुटायचा, मग दोन बोटं मला गिरकी द्यायची. एकदा दहाच्या दहा पिना अशा उडाल्या की भिंतीपलीकडची म्हैस आटली. विचारा फुलचंदला, तो तर दोन म्हशी सांगेल.

खोड एकच. कुणी टक लावून पाहिलं की शब्बीरचा अंगठा घाबरून मला आवळायचा. मी कुणाला बोललो नाही. घरातली गोष्ट.

मग हॉलची स्पर्धा आली. शेवटी नवराबायकोच उरले आणि शेवटची फेक शब्बीरची. रशीदा हनुवटीला हात लावून पाहत होती. अंगठा आवळला, उशिरा सुटला, आणि मी थेट बाजूच्या नालीत.

"मी तं बराबर टाकला," शब्बीर सगळ्यांसमोर म्हणाला. "गोळाच वाकडा हाय."

सगळे मला हसले. रशीदा नाही.

घरी जाताना ती म्हणाली, "फैजचे अब्बा, तो गोळा मले द्या. भोकं मले मोठे होतीन, अंगठ्याले पट्टी गुंडाळून फेकून पाह्यतो. वाकडा असन तं दिसन."

मला वाटलं, सुटलो.

शब्बीरनं मला गॅरेजात नेलं. गाड्यांचे पोचे बुजवायची पुट्टी कालवली आणि माझी तिन्ही भोकं भरून टाकली. वरून घासलीही; काम त्याचं नेहमीच सफाईदार. रशीदाला सांगितलं, तडकला होता, फेकण्यालायक नव्हता.

मग ट्रक घसरू नये म्हणून मला चाकाखाली सरकवलं. आता गिऱ्हाइकानं माझ्याबद्दल विचारलं की तो म्हणतो, वाकडा निघाला. हल्ली तर त्याला ते खरंच वाटायला लागलंय.

दिग्रसला आलात तर मला काढा. आधी ट्रकचा हँडब्रेक ओढा. बोटं घालायला जागा नाही. दोन्ही हातांनी ढकला. फक्त रशीदाभाभींना शेजारी उभं करा. मी कुठं जातो ते त्यांना पाहू द्या.