कॉलोनेल

सहावीला इंग्रजी वाचनाचे दोन गट असतात. एकाला अख्खी कादंबरी देतात. दुसऱ्याला तीच गोष्ट छाटून, मोठ्या टायपात, मधे मधे चित्रं घालून. आमची मनी चित्रांच्या गटात होती. शाळेच्या चिठ्ठीत कारण एका ओळीत लिहिलं होतं: शब्दसंग्रह अपुरा. सहामाहीनंतर वरच्या गटात एक जागा होईल, असंही टीचरनी खाली लिहिलं होतं. त्या दिवसापासून माझं सगळं लक्ष त्या एका जागेकडे लागलं.

चित्रांच्या गटातली मुलं पुढे कुठे जातात ते मी बघून ठेवलं होतं. कुठेच जात नाहीत. शेवटच्या वर्षापर्यंत त्यांना कोणी ना कोणी सोपं करून देतच राहतं.

मी वरच्या गटाची कादंबरी लायब्ररीतून आणली आणि पानापानातले अवघड शब्द काढून वही केली. तीन रकाने: शब्द, देवनागरीत उच्चार, अर्थ. दुपारी कणीक मळताना पुस्तक मिक्सरला टेकवून ठेवायचं आणि मनीने ओट्याजवळ स्टुलावर बसायचं.

"डेब्रिस?" मी विचारायची.

"मोडतोड. ढिगारा."

"सबटल?"

"सूक्ष्म. पटकन लक्षात न येणारं. आई, उदाहरण?"

"बाबांचं घरकाम."

ती खिदळायची. बाहेरच्या खोलीतून नवरा ओरडायचा, "ऐकू येतंय मला! पोरीला शब्द शिकवतेस की चुगल्या?"

कादंबरीत एक निवृत्त लष्करी अधिकारी होता, मिशीवाला, तिरसट. त्याचा हुद्दा पानोपानी यायचा. स्पेलिंगप्रमाणे वाचून मी वहीत लिहिलं, कॉलोनेल. दीड महिना तो आमच्या घरात कॉलोनेल म्हणूनच वावरला. मनी भाजी नको म्हणाली की मी म्हणायची, "कॉलोनेलना बोलावू का?"

कर्नल हा शब्द मला काय माहीत नव्हता? चांगला माहीत होता. तो या स्पेलिंगच्या पोटात राहतो, हे मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी कॉमर्सची पदवीधर, पहिल्या वर्गात पास झालेली. पण इंग्रजी शिकले ती डोळ्यांनी; ते कानावर पडावं असं आमच्या घरात कुणी बोलतच नव्हतं. डिक्शनरीत शब्दापुढे उच्चाराची उलटीसुलटी अक्षरं असतात, ती ओलांडून मी थेट अर्थाकडे जायची. आता लोक म्हणतील, फोनला विचारायचं की. पण आपल्याला येतंय असं वाटत असतं ते कोण विचारतं?

सहामाहीची परीक्षा मोठ्याने वाचण्याची होती, वर्गासमोर. मनी घरी आली ती दारातच खाली बसली, बूट काढायला.

"कसं झालं?"

"कर्नल," ती म्हणाली. "त्याला कर्नल म्हणतात. आणि डेब्री. आणि सटल. त्यातला बी म्हणायचाच नसतो."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी. हसून झाल्यावर."

"आणि टीचर?"

"त्यांनी विचारलं, कुणी शिकवलं म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

बुटाची नाडी केव्हाच सुटली होती. तरी ती सोडवत राहिली.

"काही नाही," ती म्हणाली.

आठवड्याने टीचरनी मला भेटायला बोलावलं. मी इस्त्रीचा ड्रेस घातला, चार वाक्यं आरशासमोर घोकली. मनी बाहेर बाकावर बसली. दाराच्या काचेतून तिचा अर्धा चेहरा दिसत होता. बोलणं इंग्रजीत झालं. म्हणजे टीचर बोलत होत्या आणि मी मान हलवत होते. आपण एखादा शब्द उच्चारू आणि त्या खाली बघून हसू दाबतील, या धास्तीने माझी चारही वाक्यं घशातच राहिली.

"शब्दांचे अर्थ तिला वरच्या गटातल्या मुलांपेक्षा जास्त येतात," टीचर म्हणाल्या. "जागा तिलाच द्यावी असं मला वाटतं. अडचण आहे ती फक्त तुमच्या हेल्परची."

मला वाटलं, कुठल्यातरी गाइडबद्दल बोलताहेत.

"घरकामाच्या मावशी हो. दुपारी शिकवतात ना त्या." टीचर मनापासून हसल्या. "मला खरंच कौतुक वाटतं त्यांचं. शिक्षण नाही, तरी मिक्सरला पुस्तक टेकवून शिकवतात. हात गाऊनला पुसतात आणि पान उलटतात म्हणे. मनीने इतकं छान वर्णन केलं! पण उच्चार... तुम्हाला कळतंच आहे. त्यांना स्वयंपाकच करू दे. वाचन तुम्ही स्वतः घ्या. तुम्ही शिकलेल्या आहात. तेवढी खात्री द्या, मी आजच तिचं नाव वरच्या गटात घालते."

आमच्याकडे मावशी नाहीत. कधीच नव्हत्या. भांडी, लादी, धुणं सगळं मी करते.

टीचरनी पेनाचं टोपण काढलं. समोर दोन्ही गटांच्या याद्या होत्या. खरं सांगितलं असतं तर मनी खोटारडी ठरली असती, आणि घरी उच्चार नीट करून घेणारं दुसरं कोणी नाही हेही उघड झालं असतं. काचेपलीकडचा अर्धा चेहरा आता दाराला चिकटला होता.

"येस," मी म्हणाले. "आय विल टेल हर."

टीचरनी एका यादीतलं नाव खोडून दुसऱ्या यादीत लिहिलं.

बाहेर येताच मनीने माझा दंड धरला. "मिळाली?"

"मिळाली."

तिने जागच्या जागी उडी मारली. मग थबकली. "आणखी काय म्हणाल्या?"

"मावशींना फक्त स्वयंपाक करू दे म्हणाल्या."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता ही रडेल, काहीतरी बोलेल, अशी मी वाट बघत होते. बघत होते, खोटं कशाला सांगू. तिने जिन्याकडे नजर टाकली, कुणी येत नाही ना ते पाहिलं, आणि हळूच विचारलं,

"आई, आत तू फार बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस."

हे ती मायेनेच म्हणाली, एवढं मला कळत होतं. आणि म्हणूनच घरी पोचेपर्यंत मी तिच्याशी मराठीतसुद्धा एक शब्द बोलले नाही.