भुजंगाचं वाढलेलं वजन

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. अहमदपूरच्या मोंढ्यात तोलायला धान्य उरलं नव्हतं, म्हणून लिंबाजी वस्ताद दर सोमवारी आडतीच्या काट्यावर आपली तालमीतली पोरं तोलायचा. फौजेत बॉक्सिंग शिकून आलेला हा माणूस तोंडाचा भलता फटकळ. पण पोराचं वजन उतरलं की त्याचा जीव तुटायचा. पोरं सकाळी सराव करायची आणि मग रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. भाकरी-मिरचीवर वजन उतरणारच.

भुजंगाचं मात्र तीन किलोनं वाढलं होतं.

वस्तादानं त्याला चपला काढून पुन्हा काट्यावर उभं केलं. आकडा तोच. मग त्यानं पोराचा दंड दाबून पाहिला आणि त्याला आडोशाला नेलं.

"काय खायलास रे?"

भुजंगानं दंड सोडवून घेतला. मग म्हणाला, "जनावरांच्या छावणीतला कंपाउंडर सुई देतो, वस्ताद. बसलेला बैल उभा करायची."

"बैलाची सुई? अरे, मरशील की!"

"मरंन तवा मरंन. लातूरची पोरं दूध, अंडी, बदाम खाऊन येत्यात. त्यांच्या दुधाला कुनी बंदी घालत न्हाई, मग माझ्या सुईलाच का? कुठं लिवलंय, सांगा."

कुठंच लिहिलं नव्हतं. लातूर जिल्हा नवा आणि त्याची बॉक्सिंग संघटना त्याहून नवी. तिच्या नियमांत औषधाचं नावही नव्हतं. येत्या रविवारी जिल्ह्याचा पहिला संघ निवडायचा होता. संघात आला की पोलीस भरतीत पोराचं काम होईल, या एका आशेवर भुजंगाचं अख्खं घर तग धरून होतं. वस्तादाला उत्तर सुचेना, आणि याचाच त्याला जास्त राग आला. खरं सांगायचं तर पोराचं बोलणं त्याला निम्मं पटलंही होतं. त्या आठवड्यात त्याला अन्न गोड लागलं नाही.

रविवारी लातुरात भुजंगासमोर उदगीरचा शिवप्पा आला. उंच, हडकुळा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. भुजंगाच्या हातमोज्यांच्या नाड्या बांधता बांधता वस्ताद थांबला.

"तुझं खरं असंल तर लपवतो कशाला? जा, त्या पोराला तोंडानं सांग, म्या सुई घेतली म्हनून. तरीबी तो खेळतो म्हनला, तर मी तुझ्या कोपऱ्यात उभा राहतो."

पोरगं लाजेल आणि विषय मिटेल, असा त्याचा हिशेब होता. जन्मभर लाजेच्याच धाकावर त्यानं पोरं सांभाळली होती.

भुजंग गेला खरा. दोघं बराच वेळ बोलत राहिले. परत आला तो शिवप्पाला घेऊनच. शिवप्पा वस्तादाच्या पाया पडला.

"मी खेळतो, वस्ताद. पन मलाबी ती सुई मिळवून द्या की. म्होरल्या महिन्यात नांदेडवाल्यांशी लढती हायत. लई ताकदीची पोरं हायत ती."

लिंबाजीनं त्याला खांद्याला धरून उठवलं. पोराच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, नुसती आशा होती. एकाला मुभा दिली की उद्या नांदेडकडची लोह्याची, धर्माबादची पोरंही दंड पुढं करून रांगेला लागणार आणि नको म्हणणाऱ्यानं घरी बसायचं. मोंढ्यात न सुचलेलं उत्तर त्याला आत्ता सुचलं होतं.

"भुजंगाचं नाव कापा," त्यानं पंचांना सांगितलं आणि नाड्या सोडायला घेतल्या.

भुजंगानं हात हिसडला. "तुमी शब्द दिलता, वस्ताद!"

"दिलता. मोडला." वस्ताद नाड्या सोडतच राहिला. पोराच्या भाकरीवर आपणच पाय दिला, हे त्याला पुरतं कळत होतं.

पंचांनी लढतीविनाच शिवप्पाचा हात वर केला. टाळ्याही पडल्या. शिवप्पा रिंगमधून खाली उतरला, वस्तादाला वळसा घालून भुजंगाजवळ जाऊन बसला आणि त्यानं हळूच विचारलं, "छावनी कंच्या गावाला म्हनलास?"

भुजंगानं डोळे पुसले आणि गावाचं नाव सांगितलं.