रालित्साची पहिली जाहिरात

मित्रांनो, कळांवरची अक्षरं पुसलेला, बॅटरी फुगलेला मी एक लॅपटॉप. प्लोवदिव शहरात संख्याशास्त्राची पदवी घेतलेल्या रालित्साने मला जुन्या बाजारातून आणलं. तिला नुकतीच जाहिरात कंपनीत नोकरी लागली होती. इंटरनेटवर पैसे भरून कोणती जाहिरात कोणाला दाखवायची, मग किती जणांनी ती उघडली, किती जणांनी माल घेतला, हे आम्ही दोघं तपासायचो.

तिचं पहिलं काम होतं रक्तदाबावरच्या एका वनस्पती-अर्काचं. तिने ओळ लिहिली, ‘गोळ्यांना कंटाळलात?’ आठवड्याभरात विक्री दुप्पट झाली. तिचे वरिष्ठ स्तामेन सगळ्यांसमोर म्हणाले, “शिका जरा या पोरीकडून!” त्या दिवशी तिने माझा पडदा स्वतःच्या स्कार्फने पुसला.

मग जाहिरातीखाली तोदोरका नावाच्या आजीबाईंनी लिहिलं, ‘बाळांनो, गोळ्या बंद केल्यात. डोकं गरगरतं. गुण येतोय म्हणूनच ना?’

 रालित्साने खरेदीदारांची वयं काढली. बहुतेक जण सत्तरीपुढचे होते. तिने आजींना लगेच कळवलं, ‘आजी, हे औषध नाही. आत्ताच डॉक्टरांना फोन करा.’ मग मला उचलून ती स्तामेनकडे गेली.

“सर, ही जाहिरात थांबवूया.”

“वेड लागलंय का? माल बनवणाऱ्यांचा, जबाबदारी त्यांची.”

“ओळ माझी आहे, सर.”

“तू अजून कायम झालेली नाहीस, विसरलीस वाटतं.”

“नाही विसरले,” ती म्हणाली आणि त्यांच्यासमोरच तिने जाहिरात बंद केली. तिची नोकरी गेली.

 संध्याकाळी घरी तिने मला उघडलं, तर तिच्या उत्तराखाली आजींच्या मुलीचा निरोप आला होता, ‘आईला दवाखान्यात ठेवलंय. बोलणं जरा अडखळतंय, पण शुद्धीवर आहे. तुमचं वाचूनच धावत आले.’ रालित्सा पहिल्यांदाच रडली.

पुढे तिला दुसरीकडे काम मिळालं, नवा लॅपटॉपही मिळाला. मी कपाटात आहे. माझी तक्रार नाही. मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपाच. पण पडद्यावर एखादा आकडा वाढला आणि तुम्हाला आनंद झाला, तर तो आकडा कोणाचा आहे, एवढं विचारा. मला ते विचारता येत नाही.