कागदावरची सत्तावन्न वर्षं

मित्रांनो, कुरखेड्याकडून येणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावचा तलाव लागतो. त्याच्या पाळीवर एक काळं पडलेलं लाकूड पालथं पडलेलं दिसेल. जळणाचा ओंडका समजून पुढे जाऊ नका. तो मी आहे, डोंगा, म्हणजे होडी. एकाच खोडातून कोरलेला, म्हातारा झालेला आणि अजून पाण्यात जाणारा.

माझं मूळ मोहाचं. एका वैशाखात वादळानं तो मोह उन्मळून पडला, तेव्हा खुशाल नावाच्या ढिवरानं, म्हणजे मासेमारानं, तो मागून घेतला. खुशाल तेव्हा जवान होता. त्यानं सव्वा महिना वाकस चालवून माझं पोट कोरलं, आतून हलका जाळ दिला, राळ भरली. त्याची बायको गोकुळा रोज भाकर घेऊन यायची आणि माझ्या काठावर बोट फिरवून म्हणायची, "इथी टोचते, अजून घास."

पाण्यात मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा नुसता गोल फिरत राहिलो. खुशाल खो खो हसला होता. पुढे मी वळणावर आलो. खुशाल मासे धरायचा आणि गोकुळा शिंगाडे काढायची. शिंगाड्याचं काम तुम्ही पाहिलं नसेल. आषाढात पाण्यात वेल लावायचे. दसऱ्यापासून पुढे थंडीभर डोंग्याच्या काठावर ओणवं होऊन एकेक वेल उचलायचा, पानांखालचं फळ खुडायचं आणि वेल पुन्हा अलगद पाण्यावर ठेवायचा. फळाला काटे असतात. पाणी गार असतं. संध्याकाळपर्यंत हात काळे आणि बधिर होतात. मग पाळीवरच मडक्यात शिंगाडे उकडायचे, टोपलीत भरायचे आणि बाजार गाठायचा.

आठ वर्षांपूर्वी खुशाल गेला. मुलगा भूपेश हैद्राबादेत इमारतींच्या कामावर आहे. बायको, दोन लेकरं आणि एक खोली. त्यानं आईला बोलावून घेतलं होतं. गोकुळा गेली आणि महिन्याच्या आत परत आली. आल्या आल्या पाळीवर येऊन तिनं मला सुलटं केलं, आत साचलेला पाला काढला आणि आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, "त्याचं त्यालेच पुरत नाई. मी आनखी एक तोंड कायले नेऊ?"

तेव्हापासून ती कधी स्थिर बसलेली मला आठवत नाही. चैत्रात भल्या पहाटे मोहफुलं वेचायला, वैशाखात तेंदूपानाला, पाऊस पडला की दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवण्याला आणि मग माझ्याकडे. पाळीवरून जाताना ती कायम घाईत असायची. बसली तरी एक पाय उठायच्या तयारीत.

एकदा मोटारसायकलवरून कोणी पाहुणा आला. त्यानं गोकुळाचे आणि माझे पुष्कळ फोटो काढले. काही दिवसांनी सत्यशीलाबाईंनी पाळीवर उभं राहून मोबाईलवर त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं. या सत्यशीलाबाई शाळेत मास्तरीण होत्या. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. विहारातून घरी जाताना त्या पाळीवरून यायच्या. त्यांनी वाचलं, "या आजींना थकवा म्हणजे काय ते ठाऊकच नाही."

गोकुळा हसली. "थकवा मले ठाऊक नाई? माह्या गुडघ्याले इचार म्हनावं." मग हसू ओसरलं. "बाई, एवढं वाखानत होता त जरा डोंग्याची काठी धरली असती त्यानं. मी तेवढीच टेकली असती."

मित्रांनो, ते कौतुक ऐकून मलाही बरं वाटलं नाही. कारण लोकांना जे दिसत नव्हतं ते मला कळत होतं. तिचा तोल पूर्वीसारखा राहिला नव्हता. वेल उचलताना ती डावा हात माझ्या काठावर घट्ट दाबून धरायची. दुपारी तिचे हात थरथरायचे आणि ती थरथर माझ्या लाकडात उतरायची.

मागच्या कार्तिकात व्हायचं ते झालं. तलावाच्या मध्यात, खोल पाण्यात, तिला भोवळ आली. ती वेलासकट पाण्यात गेली आणि मी दुसऱ्या अंगानं कलंडलो. तिचा हात वर आला, घसरला, पुन्हा वर आला. शेवटी तिनं माझा काठ पकडला. ओरडायला तिच्यात दम नव्हता. मी नुसता तरंगत होतो, तेवढंच मला येतं. पाळीवर लटारू चाचपत जाळं सांधत बसला होता. अडुसष्ट वर्षांचा, तिच्यासारखाच एकटा. त्यानं बोंब ठोकली. दोघंतिघं पोहत आले आणि तिला बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. माझ्यात पाय ठेवताना तिनं श्वास रोखलेला मला कळला.

त्या प्रसंगामुळे वैशाखात तलाव सांभाळणाऱ्या मच्छीमार संस्थेनं नियम केला. पासष्टीच्या पुढच्या कोणी पाण्यात जायचं नाही आणि त्यांचा पाण्यातला वाटा तरुणांना द्यायचा. संस्थेचा सचिव अश्विन चाळिशीचा, सरळ माणूस. त्याच्या मनात खोट नव्हती, भीती होती.

लटारूच्या आधार कार्डावर त्याचं वय बरोबर लिहिलेलं होतं. त्याचा वाटा गेला. गोकुळा मात्र कार्डाच्या हिशेबानं सत्तावन्न वर्षांची होती. गावात कार्डं काढायचं शिबिर भरलं होतं तेव्हा तिला जन्मसाल सांगता आलं नाही. समोरच्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि अंदाजानं सालाचा आकडा घातला. तिचे केस तेव्हा काळे होते. त्या आकड्यापायी तिला म्हाताऱ्यांना महिन्याला मिळणारा सरकारी पगार मिळत नव्हता. कचेरीत दरवेळी एकच उत्तर मिळायचं, बाई, तुमचं वय बसत नाही. आता त्याच आकड्यानं तिचा पाण्यातला वाटा वाचवला. अश्विननं कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि वही मिटली. आषाढात तिनं आपल्या जागेत वेल लावले.

लटारू पाळीवर बसून पाहत होता. तो म्हणाला, "व्वा वो गोकुळाबाई. मी म्हातारा ठरलो आन तू जवान?"

 त्या दिवशी गोकुळानं माझी दोरी तीनदा बांधली आणि तीनदा सोडली.

भाद्रपदात सत्यशीलाबाई लगबगीनं पाळीवर आल्या. हातात कागद होता. "गोकुळा, सापडला! आपण दोघी पहिलीत संगं होतो, आठवते? तू वर्षभरच आलीस. पण शाळेच्या जुन्या रजिस्टरात तुझं नाव हाये, जन्मतारीख हाये. मी दाखला काढून आणला. सत्तर पूर्ण झाले तुझे. आता पगार कोणी अडवत नाही."

मला वाटलं, आता गोकुळा आनंदानं उडीच मारेल. ती माझ्या काठावर बसून राहिली. ओले हात तिनं लुगड्याला पुसले, पण कागद घेतला नाही.

"बाई, हा दाखला कचेरीत गेला म्हंजे संस्थेतही जाईन ना?"

"कधी ना कधी कळेलच."

"मंग पानी जाईन माह्यं. आन त्या पगारात महिना निंगते का वो?"

 सत्यशीलाबाईंचं स्वतःचं पेन्शन दर महिन्याला येत होतं. त्या सकाळी झाडांना पाणी घालायच्या, दुपारी झोपायच्या. एकाच वर्गात, एकाच वर्षी बसलेल्या दोघी. त्या म्हणाल्या, "नाही निघत. अर्धाही नाही."

"तेच म्हंतो," गोकुळा म्हणाली आणि उठली. कागद मात्र तिनं मागून घेतला.

पुढचे आठ दिवस फार बेचैनीचे गेले. ती सकाळी यायची, मला पाण्यात ढकलायची आणि लगेच परत ओढायची. दुपारी पुन्हा यायची. वेलांकडे बघत उभी राहायची. खरं वय सांगितलं तर पाणी जाणार होतं. खोटं वय ठेवलं तर ती मरेपर्यंत कागदावर तेरा वर्षांनी लहानच राहणार होती आणि पाळीवर बसलेला लटारू रोज डोळ्यांत सलणार होता. माझंही मन दोन्हीकडे ओढत होतं. तिनं खोल पाण्यात येऊ नये असं वाटायचं. ती आली नाही तर काय खाईल, हेही वाटायचं.

पितृपक्षाच्या आधी पाळीवरच्या चिंचेखाली संस्थेची सभा भरली. बायका एका बाजूला बसल्या होत्या. गोकुळा उठली, चालत अश्विनच्या पुढ्यात गेली आणि तिनं दाखला ठेवला.

अश्विननं तो वाचला. त्याचा चेहरा पडला. हळूच म्हणाला, "बाई, काऊन काढला हा कागद? चूप राह्यली असती त कोनी इचारलं नसतं."

"चूप राहूनच सत्तावन्नची झाली मी," गोकुळा म्हणाली. "कचेरी म्हंते, तू लहान हावस, तुले पगार नाई. संस्था म्हंते, सत्तरची बाई पान्यात जात नाई. मंग मी जेवाचं कोनत्या वयानं, सांग मले."

मागून कोणीतरी ओरडलं, "मांगच्या साली मेलीच असतीस! आमी गेलो असतो पोलीस ठान्यात!"

"खरं हाये त्याचं," अश्विन म्हणाला. "तुह्यं काही झालं त भूपेशले मी काय तोंड दाखवू?"

सगळ्यांना वाटलं, आता ही भांडणार. ती मात्र एकदम खालच्या आवाजात बोलली. वारा तिकडून होता म्हणून मला ऐकू आलं.

"मले भेव वाटते, अश्विन. रोज वाटते, पाय टाकतानी. बसाचं मन मलेही हाये. सकाळचं ऊन घेत बसावं, कोनी चहा आनून द्यावा, एवढंच. मी काही हौसेनं नाई जाऊन राह्यली पान्यात. पन मी बसली त माह्यी चूल बसते. तुमी पानी काढून घेता त घ्या. त्याच्या बदल्यात काय देता, थे बी सांगा. लटारूभाऊले काय देल्लं तुमी? बिचारा वैशाखापासून पाळीवर बसून हाये."

 लटारूनं मान वर केली. तो काठी टेकत उभा राहिला. "तिले भोवळ येते, माह्ये हात धड हायेत. माह्या डोळ्याले जवळचं दिसत नाई, तिले दिसते. मी डोंगा धरतो, गोकुळाबाई शिंगाडे तोडन. दोघं मिळून एक मानूस त होतोच आमी."

कोणी हसलं, कोणी नाही. दोघं जण तर तावातावानं उठून निघून गेले. वाद बराच वेळ चालला. अश्विन डोकं धरून बसला होता. शेवटी त्यानं नियम बदलून सांगितला. वय काहीही असो, एकट्यानं पाण्यात जायचं नाही. म्हाताऱ्यांना पाळीलगतचा, छातीएवढ्या पाण्याचा पट्टा. हाकेच्या अंतरावर कोणीतरी असलंच पाहिजे.

मित्रांनो, हा काही मोठा विजय नव्हता. पाळीलगत वेल विरळ येतात आणि फळ बारीक धरतं. गोकुळाची मधली चांगली जागा तरुणांकडे गेली, तीही वेल लावून झाल्यावर. घरी जाताना ती अश्विनला एवढंच म्हणाली, "माह्ये वेल नीट उचलजा. ओढजा नको." दाखला तिनं कचेरीतही दिला आहे. उत्तर अजून यायचं आहे.

आता दसऱ्यापासून ती दोघं माझ्यात बसतात. गोकुळा पुढे, लटारू मागे. माझ्या बुडाला चीर गेली आहे, ती डांबरानं बुजवली आहे. तरी पाणी झिरपतंच. लटारू डब्यानं ते उपसतो आणि कुरकुरतो, "हा बी म्हातारा झाला." गोकुळा म्हणते, "त्याले तरी उन्हाळाभर पालथं पडाले भेटते." त्यांची भांडणं दिवसभर चालतात. शिंगाडे अर्धीच टोपली निघतात. संध्याकाळी दोघांना उतरताना एकमेकांचा हात धरावा लागतो.

लाकडाची काळजी घेणं सोपं असतं. सुकवा, डांबर लावा, सावलीत ठेवा. माझ्यासाठी कोणी ना कोणी ते करतं. तुमच्याही गावात, बसस्टॉपवर, बाजारात अशी माणसं असतील, ज्यांचे हात थरथरतात आणि तरी थांबत नाहीत. त्यांना पाहून 'या वयातही किती काटक' असं म्हणून पुढे जाऊ नका. ती काटक आहेत म्हणून उभी नाहीत. त्यांना बसायला जागा ठेवलेली नाही, म्हणून उभी आहेत. त्यांना काम सोडा म्हणायच्या आधी, सोडल्यावर ती जेवतील काय, हे विचारा. आणि विचारून झालं की काहीतरी करा.

माझी एकच इच्छा राहिली आहे. गोकुळानं एखाद्या सकाळी रिकाम्या हातानं पाळीवर यावं. टोपली नको, कोयता नको. माझ्या पाठीवर टेकून बसावं, ऊन घ्यावं आणि पाण्याकडे नुसतं बघत राहावं. दोन्ही पाय पसरून.

तसा दिवस अजून आलेला नाही. तो आणणं माझ्या हातात नाही, मी लाकूड आहे. तुम्ही माणसं आहात.