अकरा फोटोंमागे लिहिलेले

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. पुस्तकात मला कळफलक म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. माझ्या निम्म्या कळांवरची अक्षरे पुसून गेली आहेत आणि एक पाय तुटल्यामुळे मी टेबलावर जरा तिरकाच बसतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की छाती फुगवून कामगिरी सांगतात. मला मात्र तुम्हाला माझी लाजेची गोष्ट सांगायची आहे. सांगताना जड जाते आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. यंत्रांनी माझ्या कळा बसवल्या आणि शेवटी हातमोजे घातलेल्या एका बाईने प्रत्येक कळ एकदा दाबून पाहिली. मग पास झाल्याचा हिरवा गोल कागद तिने माझ्या पाठीवर चिकटवला. मी फार फुशारलो. मला वाटले, आपण पास झालो म्हणजे आता आपल्या हातून सगळे चांगलेच लिहिले जाणार. त्या बाईने फक्त कळा खाली जातात की नाही एवढेच पाहिले होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

माझी मालकीण वेबसाइट बनवते. पूर्वी ती नोकरी करत असे. ती सोडून तिने घरूनच स्वतःचे काम सुरू केले, तेव्हा तिच्या मावशीने मला तिच्यासाठी आणले. मावशी आणि ती एकाच घरात राहतात. खिडकीपाशी मालकिणीचे टेबल आणि शेजारी मावशीची आरामखुर्ची. मावशीने तीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली होती. निवृत्त झाली तरी हात स्वस्थ बसत नाही, म्हणून मालकिणीची प्रत्येक वेबसाइट लोकांसमोर जाण्याआधी मावशी ती शब्द न् शब्द वाचते. "अगं, 'माहिती'ला दीर्घ ही दिलीस? तुझ्या शाळेतल्या बाईंनी बघितलं असतं तर अंथरूण धरलं असतं त्यांनी!" असे म्हणून ती मालकिणीला पळता भुई थोडी करते. आपल्या नजरेतून चूक सुटत नाही, हा तिचा मोठा अभिमान.

ती वर्षे चांगली गेली. मी फुलवाल्यांची वेबसाइट लिहिली, एका गाण्याच्या वर्गाची लिहिली, कुत्र्यांच्या डॉक्टरांची लिहिली. माझी टकटक ऐकली की मावशीला बरे वाटे. "चालू आहे गाडी," असे ती खुर्चीतून म्हणे. तेवढेही कौतुक मला पुरे होते.

पण डिसेंबर आला की आमच्या घराची कळा बदलते. वर्षभर निवांत असलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना नाताळच्या सुट्ट्यांआधीच सगळे हवे असते. दातांच्या डॉक्टरांना दवाखाना बंद असल्याची सूचना हवी. ब्लँकेटवाल्यांना पहिल्या पानावर बर्फ पडताना दिसायला हवा. पोहणे शिकवणाऱ्या बाईंना नवे वेळापत्रक हवे, तेही कालच. मालकीण उभ्याउभ्या जेवू लागते, कान फोनकडे आणि दोन्ही हात माझ्यावर. माझ्या कळांना त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. यंदा या सगळ्यांत भर पडली खेळणीवाल्या आजोबांची.

हे आजोबा लाकडी खेळणी बनवत. वय ऐंशीच्या घरात. सुट्ट्यांत लोक मुलांसाठी खेळणी घेतात, म्हणून त्यांनाही दुकानाचे पान हवे होते. मालकिणीने त्यांना कधी पाहिले नव्हते. सगळा व्यवहार फोनवर, आणि फोनही किती! मालकिणीचे हात मोकळे राहावेत म्हणून फोन माझ्या शेजारी मोठ्या आवाजावर ठेवलेला असे, त्यामुळे मलाही सगळे ऐकू येई.

"बाळ, तो घोडा आहे ना, त्याचा लाल आमचा लाल नाही गं."

"आजोबा, तुम्ही पाठवलेला फोटोच आहे तो. मी काही केलं नाही त्याला."

"हो, पण आमचा लाल जरा पिकलेला आहे. हा कच्चा वाटतोय. एक छोटासाच बदल कर ना."

ती बदल करून फोटो परत पाठवी. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. आता लाल जास्त पिकला होता. मग घोड्याचा झाला की गाडीचा, गाडीचा झाला की बाहुलीच्या परकराचा. त्या एका दिवसात आजोबांचे सात फोन आले. सातव्याला मालकिणीच्या नाकी नऊ आले होते. तिने फोन ठेवला आणि दातओठ खात कामाला लागली.

आता एक बारीकशी गोष्ट सांगतो. वेबसाइटवर फोटो चढवला की एक लहान चौकट भरावी लागते. फोटोत काय आहे ते त्या चौकटीत लिहायचे. ती रिकामी ठेवली तर पुढे जाता येत नाही. पण आत लिहिलेले पानावर कुठेच दिसत नाही. मग ते कुणासाठी लिहायचे, हे मालकिणीला चांगले ठाऊक होते. त्या दुपारी तिला ते आठवले नाही. आजोबांचे अकरा फोटो होते, दहा खेळण्यांचे आणि एक त्यांचा स्वतःचा. पहिल्या फोटोच्या चौकटीत तिने लिहिले, 'कटकट्या म्हातारा'. मग ते दोन शब्द उचलून तिने उरलेल्या दहा चौकटींत चिकटवले. काम सरले की नीट लिहू, असे तिने मनाशी म्हटले असेल. ते नंतर राहूनच गेले.

मी काय करू शकलो असतो, असे तुम्ही म्हणाल. माझी 'क'ची कळ एरवी अडखळते. त्या दिवशी ती अडखळली नाही, लोण्यासारखी चालली. आणि खरे सांगू का? मला तो शब्द लिहायला मजा आली. क, ट, पुन्हा क, पुन्हा ट. बोटे कशी तालात नाचली! मला सगळ्यांत जास्त लाज वाटते ती त्या मजेची.

मावशीने ते पान दोनदा वाचले. एक काना सुटला होता, तो शोधून काढला आणि पान पास केले. वीस तारखेला दुकान सुरू झाले.

बावीस तारखेच्या सकाळी आजोबांचा फोन आला. मालकिणीने डोळे मिटून घेतले. पण या वेळी लालाचे काही नव्हते.

"गुणाची गं पोरगी तू! बावीस खेळणी विकली गेली बघ! मी येणाऱ्याजाणाऱ्याला धरून धरून दाखवतोय. आणि आमची ही, तुझी आजी! तिला दिसत नाही ना, नऊ वर्षं झाली. पण तिचा फोन तिला सगळं वाचून दाखवतो. दोन दिवस नुसती फोन कानाला लावून बसलीय. मला ऐकू म्हणून देत नाही! मी जवळ गेलो की बंद करते. म्हणते, हे माझं पान आहे."

मालकिणीची बोटे माझ्यावर होती. ती एकदम थांबली. आजोबा हसत होते, मध्येच खोकत होते, पुन्हा हसत होते, आणि ती नुसती "हो आजोबा, हो आजोबा" म्हणत होती. फोन बंद झाल्यावर तिने घाईघाईने ते पान आतून उघडले. अकरा चौकटी एकाखाली एक समोर आल्या. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन फोटोच्या जागी हेच वाचून दाखवतो.

"काय झालं गं? चूक राहिली का? मी दोनदा वाचलं होतं," मावशी म्हणाली.

"तुला दिसलं नसतं मावशी. ते आत असतं."

"मग मला दाखव तरी."

मालकिणीला ते तोंडाने वाचवेना. तिने पडदा मावशीकडे वळवला. मावशीने चष्मा लावला, सगळ्या अकरा ओळी वरून खालपर्यंत वाचल्या.

"शुद्धलेखनाची चूक नाही यात," मावशी म्हणाली. मग तिने चष्मा काढून ठेवला.

मालकिणीने ते शब्द पुसले. पुसायची कळ इतक्या जोराने दाबली की मी टेबलावर सरकलो. मग तिने भराभर लिहिले, 'लाल लाकडी घोडा', 'तीन डब्यांची गाडी', आणि शेवटच्या फोटोला 'खेळणी बनवणारे आजोबा'. पुसल्याने काही होत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होते. जे ऐकायचे ते आजींनी ऐकले होते. आता आजोबांना ते कधी कळणार, एवढीच धास्ती उरली. आपली खेळणी अभिमानाने गावभर दाखवणारा माणूस, आणि त्याच्या प्रत्येक खेळण्यामागे आमचे ते दोन शब्द!

दुपारी फोन वाजला. नंबर आजोबांचा, आवाज बाईचा.

"मी खेळणीवाल्यांची बायको बोलतेय. बदललंत वाटतं आज?"

मालकीण खुर्चीतून उठून उभी राहिली. मग ती म्हणाली, "आजी, माझं फार चुकलं. मला काय बोलावं ते..."

"थांबा. आधी माझं ऐका. कटकटे तर ते आहेतच. छप्पन्न वर्षं मी त्यांना तेच म्हणत आलेय. पण मी म्हणणं वेगळं, नाही का?"

"हो."

"आणि तुम्ही माणूस चुकलात. लाल रंग माझा आहे. दिसत होतं तोवर सगळी खेळणी मी रंगवायचे. आता ते रंगवतात. तुम्ही परत पाठवलेला घोडा बघून ते मला सांगायचे, मी विचारायचे, डाळिंबासारखा आहे की टोमॅटोसारखा? ते म्हणायचे, टोमॅटो. मग मी म्हणायचे, लावा फोन. त्यांना बिचाऱ्यांना संकोच वाटायचा. म्हणायचे, ती पोरगी कामात असते गं, किती त्रास द्यायचा. मीच रेटायचे. सातही वेळा."

मावशीने खुर्चीतल्या खुर्चीत तोंडावर हात ठेवला. मालकिणीचे डोळे भरून आले होते. दोन थेंब माझ्यावर पडले आणि कळांच्या मधून आत गेले.

"त्यांच्या फोटोला आता काय लिहिलंय?" आजींनी विचारले.

"खेळणी बनवणारे आजोबा."

"ते मला ठाऊक आहे हो. फोटोत कसे दिसतात ते लिहा ना. मला विचारता येतं, पण ते स्वतःबद्दल खरं कुठे सांगतात? म्हणतात, आहे तसाच आहे."

मालकिणीने तो फोटो मोठा केला. तो तिने चढवला होता, कापला होता, उजळ केला होता. बघितला मात्र आज पहिल्यांदा. मग ती लिहू लागली, एकेक शब्द मोठ्याने म्हणत. मी इतक्या हळू याआधी कधीच लिहिले नव्हते. 'आजोबा बाकावर बसले आहेत. केस सगळे पांढरे, मागे नीट विंचरलेले. गाल आत गेलेत. शर्टाची बटणे एक घर चुकून लागली आहेत. हातात घोडा आहे आणि तो त्यांनी कॅमेऱ्याकडे न धरता आपल्या डावीकडे धरला आहे. तिथे कुणीतरी बसलेले असावे.'



"मी बसले होते," आजी म्हणाल्या. "आणि बटणं चुकतात म्हणजे! रोज मला सांगतात, बरोबर लावलीत."

"आजी, मी आजोबांची माफी मागते. त्यांना सगळं सांगते."

"मुळीच नाही. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून त्यांनी का ऐकायचं ते? त्यांना वाटतं तुम्ही फार गुणी आहात. ते आता तसंच राहू दे. त्यांचं कौतुक ऐकून घेत जा, तेवढी शिक्षा पुरे."

शिक्षा लगेच सुरू झाली. दुसऱ्या दिवशी, सुट्ट्यांआधीच्या शेवटच्या दिवशी, आजोबा स्वतः घरी आले. शर्टाची बटणे त्या दिवशी अगदी बरोबर होती. मावशीने त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. "कुठे बसून करतेस गं सगळं, ते बघू दे," असे म्हणत ते टेबलाशी आले. तू अशी, तू तशी, किती मनापासून केलेस, असे ते बोलत राहिले. मालकिणीची मान खाली गेली ती वर येईना.

मग आजोबांची नजर माझ्यावर पडली.

"हाच का तो? यानेच लिहिलंस आमचं? आणि हत्यार असं ठेवतात होय? बघ, किती मळ साठलाय! रोज पुसावं, निदान आठवड्याला तरी. लाकूड कापायचं हत्यार मी असं ठेवलं असतं ना, तर बोटं राहिली नसती माझी."

बोलता बोलता त्यांनी खिशातून रंगाचा जुना ब्रश काढला, मला उचलून हातावर तिरका धरला आणि माझ्या फटी झाडू लागले. बोटे खरखरीत होती, पण हात हलका होता. एकही कळ त्यांनी सोडली नाही. 'क' झाडला, 'ट' झाडला. 'क' चिकटते आहे हे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा फुंकर घालून त्यांनी ती मोकळी केली. मला टेबलावर पालथे होऊन तोंड लपवावेसे वाटले. आयुष्यात मला इतके कुणी जपले नव्हते, आणि ज्याने जपले त्याच्याविषयी मी काय लिहिले होते ते त्याला माहीत नव्हते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. मी तसे मागत नाही. माझी एकच विनंती आहे. इथे कोण बघणार आहे, असे मनात येईल तेव्हा बोटे जरा थांबवा आणि ज्याच्याविषयी लिहिता आहात त्याच्याकडे एकदा नीट बघून घ्या. थांबायचे तुम्हालाच आहे. आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. तुम्ही दाबाल ते आम्ही लिहितो.