आडवी लावलेली गाडी

डोंगराचं नाव सांगणार नाही. सांगितलं की पुढच्या रविवारी तिथे चाळीस गाड्या येतात, आणि लोक त्या वाट्टेल तशा लावतात. या विषयावर मी आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर इतके लांबलचक मेसेज टाकलेत, की यशोधनने माझं नाव ‘आरटीओ’ ठेवलंय. मी शेखर. अंबडला एका कारखान्यात क्वालिटी बघतो. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार मिळतो आणि सुट्टीच्या दिवशी तेच काम फुकट करतो.

भाद्रपद संपत आला होता. घोटी मागे टाकून फाट्याला वळलो आणि वनखात्याचा कच्चा रस्ता सुरू झाला. रस्ता आपला म्हणायचा. गवत बॉनेटच्या वर, दोन्ही बाजूंनी कारवीची झुडपं दारांवर खरवडत होती आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासत होता. यशोधन काठीने गवतातले खड्डे चाचपत पुढे चालत होता, मी मागून पहिल्या गिअरमध्ये. चार किलोमीटरला पाऊण तास लागला. गाडी नवी, पांढरी. एकेका फांदीला शिव्या घालत मी आलो.

वाडीच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरवर एक मोकळी जागा आली. गवत कापलेलं, दगड कडेला रचलेले. पुढे पुन्हा गवतच गवत, चाकाची खूण नाही.

“बघ, आपल्यासाठी पार्किंग करून ठेवलंय,” मी म्हणालो.

गाडी कडेला लावता आली असती. पण मागच्या वर्षी एका ग्रुपने आमच्या पुढ्यात गाडी लावून आम्हाला चार तास अडकवलं होतं. म्हणून या वेळी मी ती रस्त्याच्या मधोमध आडवी घेतली, तोंड उताराकडे. म्हटलं, बघू आता कोण अडवतो. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, चाकांना दगड लावले. काचेच्या आत मोबाईल नंबरची चिठ्ठी ठेवली. सगळं नियमाने. यशोधन म्हणालासुद्धा, “मागून, वाडीकडून कुणी आलं तर?” मी म्हणालो, “मागे आहे कोण? या गवतातून बैल तरी गेलाय का?”

सव्वादहाला आम्ही माथ्यावर पोहोचलो. डबा उघडला आणि खालून हॉर्न ऐकू आला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. माझ्या गाडीच्या मागे एक जुनी जीप उभी होती आणि तिच्याभोवती माणसं. यशोधनने मोबाईलचा कॅमेरा झूम केला. जीपच्या मागच्या बाकावर कुणाला तरी आडवं केलेलं होतं. एक बाई डोक्याला हात लावून खाली बसली होती.

दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. माथ्यावर रेंज होती. खाली ती नव्हती, म्हणून फोन करणारा माणूस कुठल्याशा टेकाडावर पळत गेला होता. त्याला बोलताना धाप लागत होती.

“सायेब, पांढरी गाडी तुमची ना? मी सावळीराम, जीपवाला. आमच्या वाळूला पान लागलंय. लवकर या, गाडी काढा.”

पान लागलं म्हणजे साप चावला. तिकडे सापाचं नाव घेत नाहीत. चावी माझ्या खिशात होती.

“काच फोडा!” मी ओरडलो. “काच फोडा, दार उघडा, ब्रेक सोडा आणि ढकला!”

“हॅलो? सायेब? किती वेळ लागंल?”

“फोडा काच! ऐकू येतंय का?”

“हॅलो?” आणि फोन बंद. मी सात वेळा लावला, लागला नाही. मग एकशे आठला फोन केला. अँब्युलन्स फाट्यापर्यंत येते म्हणाले, पुढच्या रस्त्यावर येणार नाही. त्यांचं बरोबरच होतं.

मी पळत सुटलो. यशोधनला गुडघ्याचा त्रास, तो मागे राहिला. अर्ध्या वाटेवर कातळाचा टप्पा आहे, तिथे दोर धरून एकेकानेच उतरायचं. डोंगराच्या पलीकडच्या गावातून आलेला तीस-पस्तीस जणांचा ग्रुप खालून वर चढत होता. मी सांगत होतो, एक माणूस मरतोय, मला आधी जाऊ द्या. जे मधे दोराला लटकले होते, ते तरी कुठे जाणार? एक मुलगी रडवेली होऊन जागीच थिजली होती. तिच्यावर ओरडावं तर ती आणखी थिजायची. वीस मिनिटं मी त्या कातळावर उभा होतो आणि मला काहीही करता येत नव्हतं.

तिथून पुन्हा खालची जागा दिसली. गाडी जागच्या जागी. काच फोडली नव्हती. माणसांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि चौघांनी खांद्यावर घेतली. ती बाई मागून पळत होती. गवतात झोळी कधी दिसायची, कधी नाही. चार किलोमीटर. जीपने अर्धा तास, तिथून घोटीचा दवाखाना वीस मिनिटं. मी हिशेब करत होतो आणि तो प्रत्येक वेळी तेवढाच येत होता.

खाली पोहोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. गाडीशेजारी एक म्हातारा बसला होता, बुधाबाबा, वाळूचा चुलता. गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता.

“लय वाट पायली तुमची. अर्धा घंटा थांबली पोरं, मंग उचलला.”

“बाबा, काच का नाही फोडली? मी फोनवर सांगत होतो!”

“सावळीरामाला काय ऐकू नाय आलं. पोरं म्हनत व्हती फोडू. मीच नको म्हनलं. धनी नसताना दुसऱ्याच्या वस्तूला हात कसा लावायचा?” तो माझ्याकडे वर पाहत म्हणाला. माझा राग त्याच्यावर आला, आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. मी वाकून चाकांचे दगड काढायला लागलो.

दगड काढताना त्याने मला हात दिला. तेव्हा सांगितलं, पावसाळाभर जीप वाडीत उभी असते. नवरात्राच्या आधी घरटी एक माणूस येऊन रस्ता कापतो. ही जागा काल कापली होती, समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांना एकमेकींजवळून जाता यावं म्हणून. आज पुढचं गवत कापताना वाळूला नाग चावला.

झोळी गाठायला मी गाडी काढली. अर्ध्या रस्त्यात ते समोर आले.

ते वर येत होते. घाई नव्हती. झोळी तशीच होती, फक्त आता वरून पूर्ण झाकलेली. फाट्याच्या अलीकडेच संपलं होतं. मागून वाळूची बायको झुंबरबाई येत होती, दोन बायकांनी धरलेली. ती रडत नव्हती, नुसती माझ्या गाडीच्या चाकांकडे बघत होती.

रस्ता एकाच गाडीचा. मी उतरलो, हात जोडले, काहीतरी बोललो. काय बोललो आठवत नाही. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कुणी दिली नाही. सावळीराम पुढे आला आणि शांतपणे म्हणाला, “मागं घ्या सायेब. म्या दावतो.”

दोन किलोमीटर मी गाडी उलटी घेतली. तो चालत हाताने दाखवत होता, डावीकडे, उजवीकडे, आणि त्याच्यामागून झोळी माझ्या वेगाने येत होती, कारण दुसरी वाट नव्हती. त्या कापलेल्या जागेत आल्यावर मी गाडी कडेला घेतली, अगदी कारवीत घुसवून. झोळी बाजूने निघून गेली. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

सावळीराम मागे राहिला. त्याची जीप अजून तिथेच वरच्या अंगाला उभी होती. त्याने माझ्या आरशापासून पलीकडच्या दगडांपर्यंतची जागा पाहिली, पावलांनी मोजली, आणि गाडीवाल्या माणसाच्या सवयीने बॉनेटवर दोनदा थाप मारली.

“बास, बास,” तो म्हणाला. “आता जाती जीप आरामात.”